नगराच्या जुन्या इमारती : राखाव्या कीं पाडाव्या ?

पुण्याच्या शुक्रवार पेठेंत महात्मा फुले मंडईची जी दगडी इमारत उभी आहे, तिच्या जन्माची हकीगत मोठी उद्बोधक आहे. १८८६ पूर्वीं पुण्याची भाजी शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या पटांगणांत विकली जात असे. उन्हांत, पावसांत व चिखलांत चालणारा हा बाजार एका छपराखालीं आणावा असा विचार नगरपालिकेंत निघाला, तेव्हां त्या खर्चाला हरकत घेणाऱ्यांत जोतीराव फुले होते. फुले १८७६ पासून कांहीं वर्षें नगरपालिकेचे सभासद होते. एवढा पैसा मंडईच्या भव्य इमारतीवर घालण्यापेक्षां तो गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असें त्यांचें म्हणणें होतें. तें मान्य झालें नाहीं. वासुदेव बापूजी कानिटकर यांच्या हातून इमारत उभी राहिली, आणि मुंबई इलाख्याचे त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव तिला देण्यांत आलें. पुढें अर्धशतकानें, आचार्य अत्रे नगरपालिकेंत असतांना, हें नांव बदललें. आणि ज्या पुरुषानें त्या खर्चाला विरोध केला होता, त्याचेंच नांव त्या वास्तूला मिळालें.

या गोष्टीकडे दैवाची थट्टा म्हणून पाहून पुढें जातां येईल. पण तींत नगराच्या कारभाराचा एक मूळ प्रश्न दडलेला आहे. सार्वजनिक पैसा इमारतीवर घालावयाचा तो कोणाच्या उपयोगासाठीं, असें फुले विचारीत होते. हा प्रश्न इमारत बांधतांना जसा विचारावा लागतो, तसाच ती शंभर-सव्वाशें वर्षांनीं जीर्ण झाल्यावरही विचारावा लागतो. किंबहुना त्या वेळीं तो अधिक अवघड होऊन बसतो. बांधतांना समोर मोकळी जमीन असते. पाडतांना समोर बापापासून त्याच गाळ्यांत बसणारा भाजीवाला असतो, त्याचें गिऱ्हाईक असतें, आणि एकदां पाडलें तें परत आणतां येत नाहीं ही जाणीवही असते.

पुण्यांतील सगळ्याच जुन्या वास्तूंचा भार महानगरपालिकेवर नाहीं. शनिवारवाडा व आगाखान राजवाडा हे केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. त्यांना कायद्याचें कवच आहे. खरा पेंच पडतो तो नगराच्या स्वतःच्या मिळकतींचा. मंडई, विश्रामबाग वाडा, नाना फडणविसांचा नानावाडा, जुन्या शाळा, दवाखाने, नाट्यगृहें या वास्तूंचें भाडें नगराच्या तिजोरींत येतें आणि त्यांची गळतीही नगराच्याच माथीं असते. पुण्यांत १८५७ पासून नगरपालिका आहे व १५ फेब्रुवारी १९५० पासून महानगरपालिका. एवढ्या दीर्घ काळांत तिनें पुष्कळ बांधलें. परंतु बांधलेलें कसें सांभाळावें याला बांधण्याइतकी प्रतिष्ठा मात्र कधीं मिळाली नाहीं. वारसा-वास्तूंची यादी आहे, तींत तीन श्रेणीही केलेल्या आहेत. पण यादींत नांव असणें वेगळें, आणि छपरावर कौल असणें वेगळें.

विश्रामबाग वाड्याचें उदाहरण घ्यावें. दुसऱ्या बाजीरावानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हा वाडा बांधला. सागवानी कोरीव काम, रस्त्यावर झुकलेला दर्शनी सज्जा, सुरूच्या झाडाच्या घाटाचे खांब हें त्याचें वैभव. १८१८ सालीं पेशवाई गेली, तेव्हां हा वाडा ओस पडावयाचा. पण १८२१ सालीं कंपनी सरकारनें तेथें संस्कृत पाठशाळा उघडली. पुढें जें डेक्कन कॉलेज म्हणून नांवारूपाला आलें, त्याचें बीज तें हेंच. १८७९ च्या मे महिन्यांत पुण्यांत आग लावण्यांत आली. तींत बुधवारवाडा समूळ गेला आणि विश्रामबागेचा पूर्वेकडील भाग भस्म झाला. बुधवारवाडा पुन्हां उठला नाहीं. विश्रामबागेचा जळालेला भाग मात्र लोकांनीं वर्गणी काढून व नगरपालिकेनें आपला वांटा घालून पुन्हां उभा केला. विसाव्या शतकांत नगरपालिकेची कचेरीच कित्येक वर्षें या वाड्यांत होती. ती शिवाजीनगरला नव्या इमारतींत गेल्यावरही वाडा रिकामा राहिला नाहीं. पोस्ट राहिलें, वाचनालय राहिलें, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभीं महापालिकेनें दर्शनी भागाची दुरुस्ती करवून तेथें पुण्याच्या इतिहासाचें प्रदर्शन मांडलें.

दोनशें वर्षांत या वाड्यानें राजवाडा, पाठशाळा, कचेरी, पोस्ट अशीं किती सोंगें घेतलीं ! पण वाडा टिकला तो या सोंगांमुळेंच. ज्या इमारतींत रोज कोणी कामाला येतो, तिथें छप्पर गळलें कीं त्याच्या टेबलावर पाणी पडतें आणि तो ओरड करतो. ज्या इमारतीला कुलूप लागलें, तिचें छप्पर गळतें हें कोणाला कळतच नाहीं. जुन्या वास्तूच्या प्रेमापोटीं तिला रिकामी करून कुलूप घालणारे लोक तिचे हितशत्रु समजावे.

इमारत मरते कशी, हें कळलें म्हणजे ती राखावी कशी हेंही कळतें. जुन्या पुणेरी बांधणींत जोत्याला घडीव दगड, वर मातींत किंवा चुन्यांत बसविलेली वीट, आणि भार वाहणारा लांकडी सांगाडा असतो. मजल्याची जमीन म्हणजे तुळयांवर कडीपाट व त्यावर मातीचा थर. या बांधणीचा मुख्य शत्रु पाणी. एखादें कौल सरकतें. पावसाची धार वांशावरून भिंतींत उतरते. आणि तुळईचें जें टोंक भिंतीच्या पोटांत बसविलेलें असतें, तेंच आधीं कुजतें. बाहेरून रंग ताजा दिसतो, आंत लांकूड भुसभुशीत झालेलें असतें. आणि ओलाव्यामागोमाग वाळवी येते. दगडी इमारतींत हेंच काम पिंपळ करतो. पक्ष्याच्या विष्ठेंतून पडलेलें बीं दगडांच्या सांध्यांत रुजतें. पहिल्या पावसाळ्यांत तें दोन बोटांनीं उपटतां येतें. कांहीं वर्षांनीं त्याला कोयता लागतो. आणि पुढें तर दगड काढल्याखेरीज मुळी निघतच नाहीं. पहिल्या वर्षाच्या कामाला एक मजूर व एक शिडी पुरते. शेवटच्या कामाला निविदा काढावी लागते.

पुष्कळ नुकसान सदिच्छेनेंही होतें. चुन्याच्या दर्जा निखळल्या म्हणजे हल्लींचा गवंडी तेथें सिमेंट भरतो. सिमेंट कठीण, म्हणून तें अधिक चांगलें, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु चुना सच्छिद्र असतो. भिंतींत शिरलेली ओल त्यांतून हळूहळू सुकून जाते. सिमेंटच्या गिलाव्याआड तीच ओल कोंडते, क्षार विटेच्या अंगावर जमतात आणि वीट पापुद्र्यांनीं सुटूं लागते. दोन-चार वर्षांनीं गिलावा खालीं येतो तो विटेचा तुकडा बरोबर घेऊनच. मग “जुनें बांधकाम, आतां त्यांत काय राहिलें आहे ?” असें म्हणण्यास सगळे मोकळे. चुना भिजवून, मळून, मुरवून वापरणारे कारीगर अद्यापि मिळतात. पण सर्वांत कमी दराच्या निविदेला काम देण्याचा जो नियम आहे, त्यांत ते बहुधा बसत नाहींत.

येथें कोणी म्हणेल कीं हा सारा त्रास लांकडाचा व चुन्याचा आहे; कांक्रीटचें बांधलें म्हणजे चिंता मिटली. अनुभव तसा नाहीं. कांक्रीटमधील लोखंड सुरक्षित राहतें तें भोंवतालच्या सिमेंटच्या अल्कधर्मामुळें. हवेंतील कार्बन डाय-ऑक्साइड वर्षानुवर्षें आंत झिरपून हा गुण नाहींसा करतो. त्यांतच गच्ची गळूं लागली कीं लोखंड गंजतें, गंजतांना फुगतें आणि कांक्रीटचे पोपडे पाडतें. म्हणूनच महाराष्ट्राच्या महानगरपालिका अधिनियमांत तीस वर्षें झालेल्या इमारतीची मजबुती तज्ज्ञ अभियंत्याकडून तपासून घेण्याची तरतूद करावी लागली. १८८६ ची मंडई आणि १९६८ चें बालगंधर्व रंगमंदिर यांच्या वयांत ब्यायशीं वर्षांचें अंतर आहे. तरी पाडण्याचा प्रस्ताव आधीं आला तो रंगमंदिराचा. त्याचें भूमिपूजन ८ ऑक्टोबर १९६२ रोजीं खुद्द बालगंधर्वांच्या हस्तें झालें होतें आणि २६ जून १९६८ रोजीं तें खुलें झालें. पन्नास वर्षें पुरीं होतात न होतात तोंच, २०१८ सालीं, पुनर्विकासाची कल्पना महापालिकेच्या अंदाजपत्रकांतून पुढें आली. कलावंतांत दोन तट पडले. कोणी म्हणाले, वाहनांस जागा नाहीं, सोयी अपुऱ्या आहेत, नवें हवें. कोणी म्हणाले, स्वच्छतागृहें नीट ठेवतां येत नाहींत म्हणून नाट्यगृह पाडावयाचें काय ? दुसऱ्या पक्षाचा प्रश्न उद्धट वाटला तरी अगदीं नेमका होता. ज्या तक्रारी पुढें केल्या जात होत्या त्यांतील बऱ्याचशा झाडू, नळ, पंखे व खुर्च्या यांच्या होत्या. पायाच्या व खांबांच्या नव्हत्या.

याचें मूळ अंदाजपत्रकाच्या रचनेंत आहे. नव्या इमारतीची कोनशिला असते, तिच्यावर नांवें असतात, उद्घाटनाला मंडप असतो. कौलें परतल्याचें उद्घाटन कोणी केल्याचें ऐकिवांत नाहीं. त्यामुळें काटकसरीची वेळ आली म्हणजे पहिली कात्री डागडुजीला लागते. एका वर्षीं पन्हळ साफ झाली नाहीं तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. दुसऱ्या वर्षींही नाहीं. दहाव्या वर्षीं अभियंता येऊन पाहतो आणि “इमारत धोकादायक” असा शेरा मारतो. त्याचा शेरा खराच असतो. मात्र इमारत पाडण्याचा निर्णय त्या दिवशीं झालेला नसतो. तो दहा वर्षें, दर वर्षीं थोडा थोडा, ठरावाशिवाय व चर्चेशिवाय झालेला असतो. नगरवासीयांना तो कळतो तेव्हां होय किंवा नाहीं म्हणण्यासारखें कांहीं उरलेलें नसतें.

बुधवार पेठेंतील भिडे वाड्याची कथा याहून दुःखद आहे, आणि तिच्यांतही फुल्यांचेंच नांव आहे. १८४८ सालीं जोतीरावांनीं मुलींची शाळा काढली ती तात्यासाहेब भिडे यांच्या या वाड्यांत. सावित्रीबाई तेथें शिकवीत. एवढ्या मोलाची वास्तु, पण ती होती खासगी मालकीची. खालीं दुकानें, आंत भाडेकरू, वर कोसळत चाललेला मजला. जुन्या भाडे-नियंत्रणाखालीं अनेक मालकांना मिळणारें भाडें इतकें तुटपुंजें असे कीं त्यांतून छप्परही शाकारून होत नसे; मग मालक हात लावीत नाहीं, भाडेकरू जागा सोडीत नाहीं, आणि वाडा दोघांच्या मध्यें खचत जातो. राष्ट्रीय स्मारकासाठीं महापालिकेनें भिडे वाडा घ्यावयाचें ठरविलें, पण प्रकरण दशकाहून अधिक काळ न्यायालयांत राहिलें. २०२३ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें महापालिकेच्या बाजूनें निकाल दिला आणि त्या डिसेंबरांत, रात्रीच्या वेळीं, वाडा पाडण्यांत आला. तोंवर राखण्याजोगें फारसें उरलें नव्हतें, हें खरें. स्मारक होणें योग्यच आहे. परंतु ज्या ओसरींत त्या मुली बसल्या, ती ओसरी व तिच्या जागेवर उभें राहणारें स्मारक हीं एक नव्हेत, आणि हा फरक पैशानें भरून निघणारा नाहीं.

कोल्हापूरलाही असाच चटका बसला. शाहू महाराजांनीं बांधविलेलें पॅलेस थिएटर १९१५ सालीं उघडलें. तेंच पुढें केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून तेथील महानगरपालिकेकडे आलें. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं तें जळालें. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा. करवीरच्या जनतेचा शोक इतका मोठा होता कीं तें होतें तसेंच पुन्हां बांधावें यावर दुमत झालें नाहीं. अशा वेळीं जुन्या लांकडी बांधणींत विजेच्या तारा, पडदे आणि अग्निशामक साधनें यांची तपासणी किती महत्त्वाची असते, हें सांगावयास नको. त्याहून कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे मोजमापाचे नकाशे. वास्तु उभी असतांनाच तिचा खांब न् खांब मोजून, चित्रें काढून ठेवलीं असलीं, तरच ती “होती तशी” पुन्हां बांधतां येते; नाहींतर पुढचा कारागीर आठवणीवर बांधतो.

या बाबतींत परदेशांतील दोन बाजारांची गोष्ट मंडईवाल्या शहरानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पॅरिस शहराचा मध्यवर्ती भाजीबाजार, ज्याला तेथें ‘ले आल’ म्हणत, लोखंड व कांच यांच्या सुंदर मंडपांत भरत असे. १९६९ सालीं घाऊक व्यापार शहराबाहेर गेला आणि १९७१ पासून लोकांच्या विरोधाला न जुमानतां मंडप पाडण्यांत आले. शहराच्या काळजांत कित्येक वर्षें नुसता खड्डा राहिला. त्यांत १९७९ सालीं जें आधुनिक व्यापारी संकुल उघडलें, तें चाळीस वर्षेंही धड टिकलें नाहीं. त्याचीच पुनर्रचना करावी लागली. लंडनच्या कोव्हेंट गार्डनचा घाऊक बाजारही १९७४ सालीं हलला, पण तेथली इमारत राखली गेली, तिची दुरुस्ती झाली आणि १९८० सालीं ती दुकानांसाठीं पुन्हां उघडली. पुण्याच्या मंडईंतूनही घाऊक व्यापार गुलटेकडीला गेला. किरकोळ विक्री मात्र जुन्या छपराखालींच राहिली, ही शहाणपणाची गोष्ट झाली. आतां २०२४ च्या सप्टेंबरापासून मंडईपाशींच भुयारी मेट्रोचें स्थानक आहे. जागेचें मोल वाढलें म्हणजे जुन्या इमारतीकडे पाहण्याची दृष्टि बदलते, हा जगाचा अनुभव आहे.

तथापि जुनें तेवढें सोनें, असें म्हणणाऱ्यांचीही बाजू तपासून घेतली पाहिजे. पेठांतील वाडे राखावे असा आग्रह धरणारे कित्येक गृहस्थ स्वतः कोथरुडाकडील सदनिकेंत राहतात. ज्याला दहा बिऱ्हाडांत एक शौचकूप वापरावा लागतो आणि पावसाळ्यांत भिंतीकडे डोळा ठेवून निजावें लागतें, त्याला कोरीव खांबांचें कौतुक सांगणें निर्दयपणाचें आहे. दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, तें योग्यच करते. सार्वजनिक इमारतींतही अशा अनेक आहेत कीं ज्यांत ना कारागिरी, ना स्मृति, ना सोय. केवळ जुनाट आहेत. ज्या शाळेच्या खोलींत भर दुपारीं दिवा लावावा लागतो, ती खोली पाडून उजेडाची खोली बांधली तर मुलांचें कल्याणच होईल. फुल्यांनीं अशा खर्चाला हात वर केला असता, असें मानावयास हरकत नाहीं.

म्हणजे निवाडा इमारतगणिक करावा लागतो, आणि तो करण्यासाठीं तीन-चार गोष्टी कागदावर असाव्या लागतात. नगराच्या मालकीच्या प्रत्येक वास्तूची एक वही असावी. तींत तिचे नकाशे, दर वैशाखांतील तपासणीचा शेरा, त्या वर्षीं काय दुरुस्त केलें व त्यावर किती रुपये गेले, हें लिहिलेलें असावें, आणि ती वही कोणाही नगरवासीयाला पाहतां यावी. डागडुजीची रक्कम अंदाजपत्रकांत वेगळी असावी व ती दुसरीकडे वळवितां येऊं नये. धोक्याचा शेरा एकाच अभियंत्याच्या सहीवर न ठेवतां, लांकूडकाम व चुनेकाम जाणणाऱ्या दुसऱ्या जाणकाराचें मत घ्यावें. आणि प्रश्न उघड सभेंत यावा. २०२२ च्या मार्चमध्यें पुणें महापालिकेच्या निवडून आलेल्या मंडळाची मुदत संपली व नंतर कांहीं वर्षें कारभार एकट्या प्रशासकाकडे राहिला. त्या काळांत कामें झालीं नाहींत असें नाहीं, पण हरकत घेणारा सभासद सभागृहांत नव्हता. फुल्यांची हरकत फेटाळली गेली, तरी ती घेण्याची जागा त्यांना होती.

शेवटीं खर्चाचा हिशेब. पाडून बांधण्याचा अंदाज व दुरुस्तीचा अंदाज शेजारीं शेजारीं मांडतात तेव्हां एक रकाना नेहमीं कोरा राहतो. नवी इमारत होईपर्यंत जीं चार किंवा आठ वर्षें जातील, तेवढ्यांत मंडईंतला कांदेवाला, पालेभाजीवाली, नारळवाला कोठें बसतील ? पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्यें त्यांचें गिऱ्हाईक येईल काय ? नव्या गाळ्याचें भाडें त्यांना झेपेल काय, कीं तो गाळा दुसऱ्याच कोणाच्या हातीं जाईल ? हे रुपये त्यांच्या गल्ल्यांतून जातात, नगराच्या तिजोरींतून नव्हे. म्हणून ते अंदाजपत्रकांत येत नाहींत. दुरुस्ती करतांना मात्र एक बाजू मोकळी करून, तीन बाजूंचा बाजार चालू ठेवून, पुढच्या वर्षीं दुसरी बाजू हातीं घेतां येते. मंडईसारख्या फांट्याफांट्यांच्या इमारतीला ही सोय तिच्या रचनेंतच आहे.